छज्जा कुठे काढायचा, इथून सुरू होणारं काम

हरित इमारत म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर छतावरची सोलर पॅनल, भिंतीवर चढवलेल्या वेली आणि दर्शनी भागातली चकचकीत काच येते. यातलं काहीही नसलेली इमारत उत्तम पर्यावरणपूरक असू शकते आणि हे सगळं असलेली इमारत वर्षभर बेसुमार वीज खाऊ शकते. फरक पडतो तो आधीच्या निर्णयांनी. इमारतीचं तोंड कोणत्या दिशेला आहे, ती लांब-अरुंद आहे की चौकोनी ठोकळा, खिडक्या कुठे आहेत, त्यांच्यावर सावली कशाची पडते, भिंत कशाची बांधली आहे. हे सगळं पहिल्या काही आठवड्यांत कच्च्या आराखड्यावर ठरून जातं. तिथे चुकलं तर पुढे कितीही यंत्रं बसवली तरी ती चूक पुरती निस्तरत नाही.

म्हणून या क्षेत्रात आयुष्य घालवणारे बरेच आर्किटेक्ट अर्धा वेळ ऑफिसात आणि अर्धा वेळ वर्गात दिसतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, शिकवणं हे जोडकाम असावं. मला तसं वाटत नाही. पहिली रेघ ओढताना हात कुठे वळतो ही सवयीची गोष्ट आहे, आणि ही सवय कॉलेजच्या स्टुडिओत, म्हणजे डिझाइनच्या वर्गात, लागते. हे नीट कळायला आधी असा आर्किटेक्ट टेबलावर बसून नक्की काय करतो ते पाहावं लागेल.

एक साधी खिडकी घेऊ. उत्तर गोलार्धात, ३० अक्षांशावर, म्हणजे कैरो ज्या रेषेवर आहे तिथे, दक्षिणेकडच्या भिंतीत दीड मीटर उंचीची खिडकी आहे. तिच्या माथ्यावर ६० सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण दोन फुटांचा छज्जा काढला. २१ जूनच्या आसपास भर दुपारी तिथे सूर्य क्षितिजापासून सुमारे ८३.५ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर असतो. या कोनात ६० सेंटिमीटरच्या छज्जाची सावली भिंतीवर पाच मीटरहून जास्त खाली उतरते. खिडकी दीडच मीटरची, म्हणजे ती पूर्ण सावलीत. २१ डिसेंबरच्या आसपास तोच सूर्य दुपारी ३६.५ अंशांवरच राहतो. आता त्याच छज्जाची सावली जेमतेम ४४ सेंटिमीटर खाली येते आणि उरलेल्या मीटरभर काचेतून ऊन थेट खोलीत शिरतं. उन्हाळ्यात ऊन बाहेर, हिवाळ्यात ऊन आत. ना मोटर, ना सेन्सर, ना वीज. छज्जाची लांबी गुणिले सूर्याच्या कोनाचा टॅन्जंट, एवढंच गणित. ते दहावीच्या त्रिकोणमितीत येऊन गेलेलं असतं.

आता तीच खिडकी आणि तोच छज्जा पश्चिमेच्या भिंतीत नेऊ. दुपार कलल्यावर सूर्य ३० अंशांपर्यंत उतरून समोरूनच येतो. छज्जाची सावली पडते सुमारे ३५ सेंटिमीटर. तीन चतुर्थांशांहून जास्त काच उन्हात, आणि तीही हवा सर्वांत तापलेली असते त्या वेळी. पश्चिमेला छज्जा कितीही लांब काढला तरी मावळतीचं ऊन त्याच्या खालून येतंच. तिथे उभ्या पट्ट्या लागतात, बाहेरच्या बाजूने सरकणाऱ्या झडपा लागतात, झाडं लागतात, किंवा सरळ खिडकीच छोटी ठेवावी लागते. चारही बाजूंना सारख्याच खिडक्या आणि सारखेच छज्जे काढलेली इमारत दिसली की समजावं, तिचा नकाशा काढताना सूर्याचा विचार झालेला नाही. दक्षिण गोलार्धात हाच हिशेब उत्तरेच्या भिंतीला लागू होतो. कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्या मधल्या पट्ट्यात तर वर्षातले काही दिवस सूर्य दुपारी दुसऱ्या बाजूला जातो, त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंची काळजी घ्यावी लागते.

पडदा लावला की झालं, असं कुणी म्हणेल. पडदा डोळ्यांवरची तिरीप अडवतो, उष्णता फारशी अडवत नाही. काचेतून सूर्यप्रकाश आरपार येतो आणि पडद्यावर आपटून त्याची उष्णता होते. या उष्णतेच्या लांब लहरींना काच परत बाहेर जाऊ देत नाही. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेर अडवावं लागतं. हे एक वाक्य ज्या विद्यार्थ्याच्या डोक्यात पक्कं बसलं, त्याचे दर्शनी भाग पुढे आयुष्यभर वेगळे दिसतात.

खिडकीनंतर भिंत. जाड, जड भिंत उष्णता साठवते आणि उशिरा सोडते. फूटभर जाडीच्या विटांच्या भिंतीतून दुपारची उष्णता आतल्या बाजूला पोचायला साधारण आठ तास लागतात. जिथे दिवस कडक आणि रात्री गार, अशा कोरड्या प्रदेशात हे वरदान आहे. उष्णता आत येते तोवर बाहेरची हवा निवलेली असते, खिडक्या उघडून ती घालवून देता येते. पण दमट हवामानात दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरकच नसतो. तिथे तीच जाड भिंत रात्रभर खोली उबवत ठेवते. अशा ठिकाणी हलकी भिंत, मोठ्या खिडक्या-दारं आणि वारा आरपार जाईल अशी अरुंद मांडणी उपयोगी पडते. याचा अर्थ पर्यावरणपूरक असं एखादं ठरावीक साहित्य नसतं. मातीची भिंत चांगली की वाईट, याला जागा सांगितल्याशिवाय उत्तर नाही. मासिकातली सुंदर मातीची घरं पाहून ती कुठेही उचलून नेणाऱ्यांचा उत्साह मला समजतो, पण हवामान पाहिल्याशिवाय केलेली ती नक्कल काचेच्या टॉवरच्या नकलेइतकीच आंधळी असते.

मग माणसाला नक्की किती गारवा लागतो? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, आणि त्याच्या उत्तरावर इमारतींचा फार मोठा वीजखर्च अवलंबून आहे. डॅनिश संशोधक ओले फँगर यांनी नियंत्रित खोलीत माणसांना बसवून प्रयोग केले आणि १९७० मध्ये एक समीकरण मांडलं. हवेचं तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, अंगावरचे कपडे आणि माणूस करत असलेलं काम यांवरून किती लोकांना अस्वस्थ वाटेल हे त्यातून काढता येतं. वातानुकूलित ऑफिसांची जगभरची गणितं याच्यावर बेतली गेली. पुढे मायकेल हम्फ्रीज आणि फर्गस निकोल यांच्यासारख्या अभ्यासकांनी प्रत्यक्ष वापरातल्या इमारतींत जाऊन लोकांना विचारलं तेव्हा वेगळंच दिसलं. ज्यांना खिडकी उघडता येते, पंखा लावता येतो, कपडे बदलता येतात, ते लोक बाहेरच्या ऋतूशी जुळवून घेतात आणि प्रयोगाच्या खोलीत जमली नसती इतक्या उष्ण हवेतही मजेत असतात. अमेरिकेतल्या ॲशरे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेने २००४ साली आपल्या ५५ क्रमांकाच्या मानकात हे स्वीकारलं. नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या इमारतींसाठी त्यातलं सूत्र असं आहे: बाहेरच्या सरासरी तापमानाला ०.३१ ने गुणा आणि १७.८ मिळवा. बाहेरची सरासरी ३० अंश असेल तर आत २७ अंशांच्या आसपास माणूस सुखात राहतो. त्याच्या वर-खाली साडेतीन अंशांपर्यंत दहातल्या आठ जणांची तक्रार नसते.

२७ किंवा २९ अंश हे लक्ष्य ठेवलं तर सावली, वारा आणि पंखा यांवर निभावणारी इमारत आखता येते. लक्ष्य २२ ठेवलं तर यंत्राला पर्यायच उरत नाही. म्हणजे पहिल्या बैठकीत क्लायंटशी तापमानाबद्दल झालेलं बोलणं हासुद्धा डिझाइनचाच भाग. माझ्या मते अनुभवी आर्किटेक्ट ओळखू येतो तो इथेच. तो नकाशा उघडण्याआधी विचारतो: या खोलीत कोण बसणार, किती वाजता, किती वेळ, आणि खिडकी उघडण्याची मुभा त्यांना असेल का?

दुसरा मोठा हिशेब साहित्याचा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालांनुसार, जगात ऊर्जा आणि उद्योगप्रक्रियांतून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ३७ टक्के वाटा इमारती बांधण्याचा आणि चालवण्याचा आहे. दिवे, पंखे, एसी यांची वीज हा त्यातला उघड दिसणारा भाग. न दिसणारा भाग इमारत उभी राहीपर्यंतच खर्ची पडलेला असतो. सिमेंटचंच पाहा. चुनखडी भट्टीत सुमारे १,४५० अंशांपर्यंत तापवतात. त्यासाठी इंधन जळतं ते वेगळंच. पण चुनखडी फुटून तिचा चुना होताना तिच्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि सिमेंटच्या उत्सर्जनातला निम्म्याहून जास्त भाग या रासायनिक क्रियेतूनच येतो. उद्या सगळ्या भट्ट्या सौरऊर्जेवर चालवल्या तरी तो वायू निघणारच. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा वाटा ७ ते ८ टक्क्यांच्या घरात आहे. त्यामुळे पर्यावरणाचा खरा विचार करणारा आर्किटेक्ट स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या शेजारी बसून स्लॅबची जाडी आणि खांबांमधलं अंतर यांवर वाद घालतो. फोटोत न दिसणाऱ्या या वादातून जितका कार्बन वाचतो, तितका भिंतीवरच्या हिरव्या वेली वाचवू शकत नाहीत.

आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी साहित्य वाचवण्याचं हे काम फार आधी, कार्बनचा हिशेब कुणी मांडत नव्हतं तेव्हा, निव्वळ काटकसरीच्या पोटी केलं. १९१७ साली बर्मिंगहॅममध्ये जन्मलेला हा माणूस १९४५ मध्ये भारतात आला आणि पुढे केरळात स्थिरावला. त्यांचा फिलर स्लॅब पाहण्यासारखा आहे. स्लॅबवर वजन आलं की त्याचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब चांगला सोसतं, ताण जवळजवळ नाहीच. ताण घेतात त्या सळया. म्हणजे खालच्या भागात सळयांभोवतीचं बरंचसं काँक्रीट फक्त जागा भरत असतं. बेकर यांनी तिथे सळयांच्या मधोमध मंगलोरी कौलं ठेवली. काँक्रीट वाचलं, स्लॅब हलका झाला, खालून छताला कौलांची नक्षीही मिळाली. भिंतीसाठी ते विटा आडव्या न रचता कडेवर उभ्या रचत. त्यामुळे भिंतीच्या पोटात पोकळी राहते, विटा सुमारे पाव भागाने कमी लागतात आणि अडकलेली हवा उष्णताही रोखते. तिरुअनंतपुरममधल्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजच्या आवारात हे सगळं आजही पाहता येतं. बेकर साइटवर गवंड्यांच्या सोबतीने निर्णय घेत. तिथे तयार झालेले कारागीर आणि तरुण आर्किटेक्ट हे त्यांच्या इमारतींइतकंच मोठं काम आहे, असं मी मानतो.

साहित्य वाचवण्याचा सगळ्यांत खात्रीचा मार्ग म्हणजे उभी असलेली इमारत न पाडणं. फ्रान्समध्ये आर्किटेक्ट ॲन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह बोर्दोमधल्या ५३० घरांच्या जुन्या वसाहतीला बाहेरून प्रशस्त काचबंद सज्जे जोडले. घरं मोठी आणि उजेडाची झाली, हिवाळ्यात बाहेरच्या थंडीपासून एक जादा थर मिळाला आणि रहिवाशांना घर सोडावंही लागलं नाही. या जोडीला २०२१ चा प्रित्झकर पुरस्कार, म्हणजे वास्तुरचनेतला सर्वांत मानाचा पुरस्कार, मिळाला. मोठ्या पुरस्कारांच्या यादीत दुरुस्तीला असं मानाचं स्थान मिळणं ही या पेशासाठी फार चांगली गोष्ट आहे.

शिक्षण आणि काम यांची गाठ कशी पडते, याचं मला सगळ्यांत आवडणारं उदाहरण बुर्किना फासोमधल्या गांडो गावातल्या प्राथमिक शाळेचं आहे. फ्रान्सिस केरे बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात वास्तुरचना शिकत होते. शिकत असतानाच त्यांनी निधी गोळा करून आपल्या गावासाठी शाळा आखली आणि २००१ मध्ये ती उभी राहिली. पदवी त्यानंतरची. त्या भागात शाळेवर पत्रा टाकायची पद्धत होती. पत्रा तापतो आणि खाली बसलेल्या मुलांच्या डोक्यावर उष्णता फेकतो. केरे यांनी पत्रा टाळला नाही, वर उचलला. वर्गाला दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांच्या भिंती आणि विटांचं, फटी ठेवलेलं छत. त्याच्या बऱ्याच वर, मोकळी जागा सोडून, पत्र्याचं रुंद छप्पर. पत्रा तापला तरी त्याच्या खालची गरम हवा वाऱ्याबरोबर निघून जाते. वर्गातली गरम हवा छताच्या फटींतून वर चढते आणि तिच्या जागी खिडक्यांतून ताजी हवा येते. छपराची पुढे आलेली कड मातीच्या भिंतींवर पाऊस पडू देत नाही. छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे बांधकामाच्या साध्या सळयांचे आहेत, कारण क्रेन तिथे पोचणार नव्हती आणि सळई हातकरवतीने कापून छोट्या वेल्डिंग मशीनने जोडता येते. गावकऱ्यांना हे शिकवलं गेलं, म्हणजे पुढच्या इमारतींसाठी हात तिथेच तयार झाले. या शाळेला २००४ मध्ये वास्तुरचनेचा आगा खान पुरस्कार मिळाला, केरे यांना २०२२ मध्ये प्रित्झकर मिळाला, आणि मधल्या काळात ते म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात प्राध्यापक झाले. एका सेक्शनच्या चित्रात, म्हणजे इमारत उभी कापली तर आतलं जसं दिसेल त्या चित्रात, हवामान, साहित्य, वाहतूक आणि गावाचं कौशल्य असं सगळं बसवता येतं, हे यापेक्षा सोपं करून सांगणारी इमारत मला माहीत नाही. बांगलादेशातल्या रुद्रपूरची माती-बांबूची शाळाही अशीच: ऑस्ट्रियातल्या लिंझमध्ये शिकणाऱ्या आना हेरिंगर यांच्या पदविका प्रकल्पातून ती आकाराला आली.

मग सगळ्याच कॉलेजांतून असं शिक्षण का मिळत नाही? अडचण बहुधा अभ्यासक्रमाच्या रचनेत असते. आर्किटेक्चरच्या शिक्षणाचा कणा म्हणजे स्टुडिओ. विद्यार्थ्याला एक विषय मिळतो: ग्रंथालय, वसतिगृह, दवाखाना. तो आराखडे काढतो, शिक्षक टेबलापाशी बसून चर्चा करतात आणि शेवटी ज्यूरीसमोर, म्हणजे परीक्षकांसमोर, मांडणी होते. विद्यार्थ्यांची रात्रंदिवसाची मेहनत या एका गोष्टीत जाते. हवामानशास्त्र, साहित्य, वीज-पाण्यासारख्या सेवा यंत्रणा हे विषय बाजूला, वेगळ्या तासांना, लेखी परीक्षेपुरते. सूर्यमार्गाची आकृती काढायला शिकलेला विद्यार्थी स्टुडिओत आल्यावर ती वापरत नाही, कारण तिथे तिच्याबद्दल कुणी विचारत नाही. ज्यूरीच्या आदल्या रात्री एका शीटच्या कोपऱ्यात वाऱ्याचे निळे बाण आणि छतावर चार पॅनल काढली जातात. निळे बाण काढले म्हणून वारा त्या वाटेने जात नाही. खिडकीतून आलेल्या वाऱ्याला समोरून बाहेर पडायची वाट आहे का, मधली भिंत आडवी येते का, हे सेक्शनमध्ये आधी सुटायला हवं होतं.

अमेरिकी आर्किटेक्ट एडवर्ड माझ्रिया यांनी २००७ मध्ये शिक्षणसंस्थांना याच दुखऱ्या जागी हात घालणारं आवाहन केलं. त्याआधीच्या वर्षी त्यांनी सगळ्या नव्या इमारती २०३० पर्यंत खनिज इंधनमुक्त करण्याचं लक्ष्य व्यवसायापुढे ठेवलं होतं. शाळांकडे त्यांची मागणी अगदी नेमकी होती: स्टुडिओच्या प्रत्येक विषयातच ही अट घाला, की आराखड्याने खनिज इंधनाची गरज मोठ्या प्रमाणात कमी करावी किंवा संपवावी. स्वतंत्र विषय वाढवण्यापेक्षा हे कितीतरी परिणामकारक आहे. ज्या गोष्टीवर गुण मिळतात ती गोष्ट विद्यार्थी शिकतो.

स्टुडिओ बदलला तर काय दिसतं? पहिले दोन आठवडे कुणी प्लॅन काढत नाही. साइटवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी जाऊन सावल्या आखल्या जातात, वारा कुठून येतो, पाणी कुठे साचतं, कोणती झाडं ठेवायची हे नोंदवलं जातं. पहिलं रेखाटन सेक्शनचं असतं. पुठ्ठ्याच्या मॉडेलवर दिवा फिरवून वेगवेगळ्या महिन्यांतलं ऊन पाहिलं जातं. आज हे सॉफ्टवेअर एका क्लिकवर करतं आणि ते शिकायलाच हवं. पण सुरुवात दिव्यापासून करावी या मताचा मी आहे. मॉडेल हातात फिरवून पाहिलेलं ऊन विसरत नाही. शिवाय सॉफ्टवेअरमध्ये चुकीचा आकडा भरला तरी ते रंगीत आलेख काढून देतं. उत्तर साधारण किती यायला हवं याचा अंदाज ज्याला आहे, त्यालाच ती चूक दिसते.

त्यापुढचा टप्पा हाताने बांधण्याचा. सॅम्युअल मॉकबी आणि डी. के. रूथ यांनी १९९३ मध्ये अलाबामातल्या ऑबर्न विद्यापीठात रुरल स्टुडिओ सुरू केला. विद्यार्थी गरीब ग्रामीण भागात जाऊन राहतात आणि तिथल्या कुटुंबांसाठी घरं, सभागृहं आखून स्वतः बांधतात. मॉकबी २००१ मध्ये गेले, स्टुडिओ चालू राहिला. कागदावर दोन रेघा जिथे सहज मिळतात, तिथे प्रत्यक्षात पाणी झिरपतं. विटेचं माप न पाहता भिंतीची लांबी ठरवली तर प्रत्येक थरात वीट फोडावी लागते आणि कचऱ्याचा ढीग होतो. साहित्याची नासाडी म्हणजे काय, हे त्या ढिगासमोर उभं राहिल्यावर कळतं.

अपयशही अभ्यासक्रमात यायला हवं. इजिप्तचे आर्किटेक्ट हसन फाथी हे स्थानिक मातीने, हवामानाला धरून बांधण्याच्या विचाराचे अग्रणी. त्यांनी कैरोमध्ये शिकवलंही. १९४०च्या दशकात लक्सरजवळ नवं गुरना हे गाव त्यांनी मातीच्या विटांनी उभारायला घेतलं. लाकूड-लोखंडाची टंचाई होती, म्हणून लाकडी आधाराशिवाय, विटांचे थर मागच्या भिंतीवर तिरपे टेकवत कमानदार छत रचण्याची न्युबियातल्या गवंड्यांची कला त्यांनी वापरली. वास्तू म्हणून ते काम विलक्षण आहे. पण जुन्या गुरनातली माणसं तिथे राहायला जायला तयार नव्हती आणि गाव ठरल्याप्रमाणे पूर्ण झालंच नाही. भिंतीचं तंत्र अचूक असूनही राहणाऱ्याची संमती नसेल तर काय होतं, हे विद्यार्थ्यांनी पदवीआधी पाहिलेलं बरं.

भारतात शिक्षण आणि काम यांचं सर्वांत ठळक जुळणं आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशी यांच्या आयुष्यात दिसतं. पुण्यात १९२७ मध्ये जन्मलेल्या दोशींनी १९६२ मध्ये अहमदाबादला स्कूल ऑफ आर्किटेक्चर सुरू केलं. आजचं सेप्ट विद्यापीठ त्यातूनच वाढलं. त्या शाळेत इमारतीखालच्या सावलीच्या मोकळ्या जागा आहेत, उत्तरेचा शांत उजेड घेणारे स्टुडिओ आणि कुणीही कुठूनही आत यावं अशी मांडणी. तिथे शिकणारा विद्यार्थी सावली आणि वाऱ्याचा धडा रोज अंगावर घेतो. त्यांचं स्वतःचं ऑफिस, संगत, अर्धवट जमिनीत उतरलेलं आहे. वरच्या गोल छतांवर पांढऱ्या चिनी मातीच्या फरशांचे तुकडे बसवले आहेत, ते ऊन परतवून लावतात. २०१८ मध्ये प्रित्झकर मिळवणारे ते पहिले भारतीय. शाळेची इमारतच शिक्षकाचं काम करते, हे त्यांनी करून दाखवलं.

या क्षेत्रात येणाऱ्याला पुढे वाटा बऱ्याच आहेत. कुणी डिझाइन ऑफिसात राहतं, कुणी ऊर्जेची गणितं करणारा सल्लागार होतं, कुणी नियमावल्या लिहिण्याच्या कामात जातं, कुणी संशोधनाकडे वळतं. सल्लागाराच्या कामात एक धोका आहे: बऱ्याचदा त्याला बोलावतात तेव्हा आकार, दिशा आणि काच ठरून गेलेली असते आणि त्याच्या हाती यंत्राची क्षमता तेवढी उरते. इमारतीला हरित ठरवणाऱ्या प्रमाणपत्रांचंही तसंच. ब्रिटनमध्ये १९९० साली ‘ब्रीअम’ हे प्रमाणपत्र आलं, पुढे अमेरिकेचं ‘लीड’, भारतातलं ‘गृह’. त्यांच्यामुळे बाजारात या विषयाची भाषा रुळली हे खरं. पण गुण मुख्यतः आराखड्यावर मिळतात, आणि अंदाजलेली वीज व प्रत्यक्ष जळणारी वीज यांत मोठी तफावत निघाल्याची उदाहरणं वारंवार समोर आली आहेत. वापरणारे खिडक्या उघडत नाहीत, नियंत्रण पॅनल कुणाला कळत नाही, दिवे रात्रभर चालू राहतात. यावर उपाय एकच: लोक राहायला गेल्यावर वर्षभराने परत जायचं, विजेची बिलं मागायची, तापमान मोजायचं आणि लोकांना विचारायचं. बहुतेक करारांत या भेटीची तरतूदच नसते, ती आर्किटेक्टने आग्रहाने घालून घ्यावी लागते.

शिक्षक-आर्किटेक्टचा इथे मोठा फायदा होतो. ऑफिसला ज्या इमारतीत परत जायला वेळ नसतो, तिथे तो विद्यार्थ्यांना घेऊन जाऊ शकतो. ते मोजतात, त्यांना शिकायला मिळतं, आणि त्याला स्वतःच्या छज्जाचं खरं माप कळतं. उलट दिशेनेही देवाणघेवाण होते. क्लायंट विचारतो, कधी पूर्ण होईल? विद्यार्थी विचारतो, असंच का? हा दुसरा प्रश्न दर आठवड्याला कानावर पडत राहिला की ऑफिसातले सवयीने काढलेले तपशील पुन्हा तपासावेच लागतात.

कॉलेज निवडणाऱ्यांनी म्हणूनच तिथल्या संगणकांची संख्या विचारण्याऐवजी एक ज्यूरी पाहायला मिळेल का, ते विचारावं. पश्चिमेच्या काचेबद्दल एकही प्रश्न निघाला नाही तर विषयपत्रिकेत शाश्वतता कितीदा छापली आहे याला अर्थ नाही. शिकवणाऱ्यांपैकी किती जण स्वतः बांधतात आणि बांधलेलं पुन्हा पाहायला जातात, हेही विचारावं. आणि प्रवेश मिळाल्यावर वाट न पाहता तापमान-आर्द्रता नोंदवणारं एक छोटं यंत्र मिळवून ते स्वतःच्याच वर्गात आठवडाभर ठेवावं, खिडक्या बंद ठेवून आणि मग उघड्या ठेवून. दोन्ही आलेख एकावर एक ठेवून पहिल्या स्टुडिओच्या टेबलावर न्यावेत आणि शिक्षकांना विचारावं की दुपारी तीनचा तो उंचवटा नेमक्या कोणत्या भिंतीमुळे आला.